कडू लागलं का?

आईच्या बोलण्यात माझा भाऊ अजून गेलेला नव्हता. भाद्रपदात तो गेला, आणि संक्रांत आटोपून आम्ही मायलेकी इजिप्तच्या सहलीला निघालो तरी ती म्हणायची, "तो वावरात फवारून राह्यला. येऊन राह्यला आता." आमच्या वऱ्हाडीत 'करून राह्यला' म्हटलं की माणूस त्या घडीला ते काम करत असतो. 'तो गेला' हे दोन शब्द तिच्या तोंडून एकदाही निघाले नव्हते. मी शाळेत इतिहास शिकवते, व्याकरण नाही, पण माझा कान सारखा तिच्या क्रियापदांवर असायचा. एकदा म्हणून टाक, एवढंच मला तिच्याकडून हवं होतं. म्हटलं नाही तर ही बाई अशीच दाराकडे बघत बसणार आणि एक दिवस बसल्या बसल्याच संपणार, अशी मला भीती वाटे.

सहल खरं तर माझी आणि नवऱ्याची होती. दिग्रसला आमचं बिऱ्हाड, दोघंही मास्तर, कॉलेजपासून मला पिरॅमिड बघायचे होते. भाऊ गेल्यावर नवरा म्हणाला, "माझ्याऐवजी आईंना ने." पासपोर्ट तिच्याकडे होता, कारण भावानंच हौसेनं काढून ठेवला होता. आईला विमानानं काठमांडूला न्यायचं होतं त्याला. नेपाळला पासपोर्ट लागत नाही हे नंतर कळलं तेव्हा आमच्या फुलसावंगी गावभर त्याची टर उडाली. "राहू द्या, कामी येईन," तो म्हणाला होता. पासपोर्ट आला कामी.

त्या सालचा कापूस डोक्याच्या वर गेला होता. बोंडअळी हटेना, म्हणून जो तो फवारत होता. भाऊ पंपाची नळी वर धरून फवारायचा आणि ते औषध वाऱ्यानं त्याच्याच तोंडावर येऊन पडायचं. एका संध्याकाळी डोळ्यांपुढे अंधारी आली म्हणाला. यवतमाळच्या दवाखान्यातून तो परत आला तो पांढऱ्या कापडात गच्च बांधलेला. जाणत्यांनी ठरवलं, तोंड उघडायचं नाही, मायला पाहवणार नाही. अंगणातून सरळ उचलला. मी दिग्रसहून पोचले तेव्हा मलाही ते गाठोडंच दिसलं.

आमच्याकडे मसणातून परतलं की पायांवर पाणी घ्यायचं, दारात निंबाचा पाला चावायचा, मग उंबरा ओलांडायचा. मढ्यावरून आलेल्या प्रत्येकानं तो कडू घास घ्यायचा. त्या दिवशी आईपुढे कुणीतरी पाला धरला तर तिनं तो बाजूला सारला. "मी कोन्या मढ्यावरून आली? मीनं कोनाचं तोंड तरी पाह्यलं का?"

तर असं आमचं बिऱ्हाड नागपूरच्या मंडळींबरोबर कैरोला उतरलं. पिरॅमिड पाहिले. खरं सांगायचं तर मला काहीच वाटलं नाही. मोठे होते, इतकंच. मुलांना फळ्यावर त्रिकोण काढून जे शिकवत आले ते समोर उभं होतं आणि मी कॅमेरा काढायलाही विसरले. जेवायला बसवलं की जेवायचं, गाडीत बसवलं की बसायचं, असं माझं चाललं होतं. भाद्रपदापासून माझ्या जिभेला चवच नव्हती. सहलीतल्या एका वहिनींनी घरचा ठेचा आणला होता. तो खाऊन पुरुषांच्या डोळ्यांतून पाणी येई आणि मी तो भाजीसारखा खाई. त्या माझ्यावर फार खूश होत्या.

आईनं पिरॅमिड वरपासून खालपर्यंत न्याहाळला आणि विचारलं, "आत कोन हाये?"

"कोणी नाही. चोरांनी कधीच नेलं सगळं."

"मढं बी?"

"मढं बी."

"मंग रिकामं घर पाहाले कायले आनलं मले इतक्या दूर?"

सगळे हसले. सगळे हसतात म्हणून मीही हसले.

पुढे लक्झरला गेलो. तिथल्या देवळात भिंतीवर फणा काढलेले नाग कोरलेले होते, ओळीनं. गाइड हिंदीत समजावून सांगत होता, हा नाग राजाचं रक्षण करतो. आईनं हात जोडले. मग हळूच मला म्हणाली, "बाई, या मुलखात निंब असन का वं?"

निंब काहून, हे मला विचारावं लागलं नाही. भाऊ लहान असताना वेचणीच्या दिवसांत वावरात त्याच्या पायाला काहीतरी डसलं होतं. आमच्याकडे समज असा की साप चावलेल्याला निंबाचा पाला चारायचा. कडू लागला तर विष चढलं नाही. नाही लागला तर संपलं. आईनं त्याला धुऱ्यावरच्या, वावराच्या बांधावरच्या निंबाखाली नेलं, मागोमाग मी, आणि ती तोंडात पाला कोंबत सुटली. "कडू लागलं का?" तो गप्प. आणखी पाला. "बोल न रे, कडू लागलं का?" तो महाबिलंदर, गालात पाला धरून नुसता टकामका बघत राहिला. वेचणाऱ्या बायांनी रडायला सुरुवात केली तेव्हा कुठे थुंकला आणि ओरडला, "जहर हाये वं बुढे, जहर!" आईनं आधी त्याला छातीशी धरलं आणि मग पाठीत दोन धपाटे घातले. पुढे घरात कारल्याची भाजी झाली की एकमेकांना विचारायचं ठरलेलंच होतं, कडू लागलं का?

यवतमाळच्या वॉर्डातही ती पदराखाली निंबाची डहाळी घेऊन गेली होती. तिला आत सोडलं नाही.

दुसऱ्या दिवशी नदीपलीकडे राजांच्या थडग्यांच्या डोंगरात गेलो. गवताची काडी नाही, पाखरू नाही. नुसता पिवळा दगड आणि ऊन. कोवळ्या वयात मेलेल्या एका राजाचं थडगं आहे आणि हा राजा अजून आतच आहे, असं गाइडनं सांगितलं. ते ऐकताच आईनं दारातच चपला काढल्या. पहारेकरी हातवारे करून नको नको म्हणू लागला. मी म्हटलं, "माय, घाल चप्पल, पाय भाजन."

"कोनाच्या घरी मढं पडलं असन त चपला घालून जाते का?"

अनवाणीच उतरली.

आत काचेच्या पेटीत तो होता. हनुवटीपर्यंत पांढरं कापड, आणि तोंड उघडं. काळं पडलेलं, ओठांतून दात जरासे दिसत होते. पलीकडे कापडाबाहेर पावलं. मंडळी बघून पुढे सरकली. आई हलली नाही.

"हे त पोरगंच हाये वं."

"हो. पोरगंच होतं."

"यायनं तोंड उघडं ठेवलं," ती म्हणाली. मागचे लोक कुरकुरायला लागले. पहारेकऱ्यानं तिला पुढे चला अशी खूण केली. तिनं त्याच्याकडे बघितलंही नाही.

"आपल्याचं बी तोंड असंच झालतं का?"

"मले नाही माहीत, माय. मीनं बी नाही पाह्यलं."

तिनं काचेवरून, त्या तोंडाच्या उंचीवर, दोन्ही हात उतरवले आणि आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. मग स्वतःच वळली आणि चढण चढायला लागली.

हॉटेलवर आलो तर ती फाटकाच्या आत येईना. "पानी आन." मी बाटली दिली. तिनं आपल्या पायांवर ओतलं, मग माझ्या. मंडळी थांबली. एका काकांनी विचारलं, "काय झालं हो, ताई?"

"मढ्यावरून आलो न आमी."

"अहो, ते हजारो वर्षांपूर्वीचं!" ते हसून म्हणाले आणि आत गेले.

आई इकडे तिकडे बघत होती. गाड्या लावायच्या जागेपाशी कुंपणाला लागून एक झाड होतं, धुळीनं माखलेलं. कालपासून त्याच्याखालूनच आम्ही गाडीत चढत-उतरत होतो. मी त्याच्याकडे एकदाही नीट पाहिलं नव्हतं. आईनं टाचा उंचावून डहाळी ओढली, पानं चोळून नाकाला लावली. निंबच होता.

तिनं पाला तोंडात घातला. चावता चावता तिचा चेहरा वाकडा झाला. "पोरगा गेला माहा," ती म्हणाली. "गेला वं बाई." आणि तिथेच झाडाच्या बुंध्याशी बसून, तोंडाला पदर लावून, गळा काढून रडली. फाटकावरचा माणूस खुर्ची घेऊन धावत आला.

जे ऐकण्यासाठी मी एवढे महिने कान लावून बसले होते ते ऐकून झालं. मला बरं वाटायला हवं होतं, निदान रडू तरी यायला हवं होतं. मी तिच्या पाठीवर हात ठेवून उभी होते आणि मनात येत होतं की संध्याकाळच्या नाईलवरच्या बोटफेरीची वेळ चुकणार.

थोड्या वेळानं तिनं डोळे पुसले, नाक शिंकरलं आणि माझ्यापुढे पाला धरला. "चाव. तू बी आली मढ्यावरून."

मी चावला.

"कडू लागलं का?"

खोटं बोलणं सोपं होतं. पण तिनं हे ज्या आवाजात विचारलं तो आवाज मी धुऱ्यावर ऐकला होता.

"नाही, माय."

ती उठली. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग परत टाचा उंचावून डहाळी खाली ओढली, मूठभर पाला ओरबाडला आणि माझ्या तोंडाशी आणला.

"खा," ती म्हणाली. "कडू लागेपावतर खा."