चाटून दाखवलेली पावडर

मी मुळातच आगाऊ. कुणी शंका काढली की मला गप्प बसवत नाही. गेल्या हिवाळ्यात हरभऱ्यावर घाटेअळी पडली, तेव्हा टेंभुर्णीहून फवारायला बीटीची, म्हणजे जैविक कीटकनाशकाची, पावडर आणली. बांधापलीकडं चुलत वहिनीची तुती. तिनं विचारलं, "भावजी, इखारी न्हाय नव्हं? माज्या अळ्या हायत."

रेशमाच्या अळ्यांची तिची ही पहिलीच बॅच, तीही सासऱ्यानं, म्हणजे माझ्या चुलत्यानं, अट घालून दिलेली. बॅच साधली तर अळ्या वाढवायचं शेड तिचं, नाहीतर तिथं म्हशी बांधायच्या. लेकरागत जपायची ती. साबणानं हात धुतल्याशिवाय शेडात कुणाला घेत नसे, सासऱ्यालाही नाही.

"विष कसलं वहिनी? मातीतल्या जिवाणूचं प्रथिन आहे हे," म्हणून मी चिमूटभर पावडर बोटावर घेतली आणि चाटून दाखवली. चुलताही उभा होता. मला फार शहाणा झाल्यासारखं वाटलं.

संध्याकाळी फवारलं. वारा तिच्या रानाकडं होता, तरी पंप थांबवला नाही. थांबवायचा कशाला, विष थोडंच होतं! सकाळी तिनं बांधाकडचाच पाला कापून अळ्यांना घातला. दुपारपर्यंत त्यांनी खाणं सोडलं. मग मऊ पडल्या, काळ्या पडल्या. दोन-चार दिवसांत कोष विणायला बसणार होत्या हो.

शेडाच्या दारात ते बघत उभा असताना माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हे प्रथिन माणसाला पचतं, अळीचं मात्र आतडं फोडतं. आणि रेशमाची अळी म्हणजे तरी काय? अळीच की. मला हे माहीत नव्हतं असं नाही, पण माझ्या लेखी अळी म्हणजे हरभऱ्यावरची. लाज वाटली, अजून वाटते.

तसाच चुलत्याकडं गेलो आणि सगळं सांगितलं. तो हसला. "लेका, माज्यासमोर चाटलंस की. तुला काय झालं? तिची चूक कशाला अंगावर घेतोस? हात धुतलं नसतील तिनं."

जीव तोडून समजावलं. पण मी धडधाकट समोर उभा होतो, त्याला दुसरा पुरावा नको होता.

शेडात आता म्हशी आहेत. परवा वहिनी धार काढून बाहेर आली, तेव्हा अळ्या माझ्याच पावडरीनं मेल्या, हे तिलाही सांगायला लागलो. तिनं मला मधेच थांबवलं.

"ऱ्हाऊ द्या, भावजी. तुमी मनानं लई चांगलं हाय, म्हून म्हणताय. त्या दिशी माजंच हात नीट धुतलं नसतील."