क्रोशाचं कव्हर

आमच्या सांडोरच्या घरात माझी बाजू एकदाच कुणीतरी घेतली. तो विरारचा एक रेडिओ दुरुस्त करणारा होता. त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

धाकट्या दिराने कुवेतहून मायक्रोवेव्ह ओव्हन आणला, तेव्हा गावात असलं काही कुणी पाहिलंही नव्हतं. सासूबाईंनी त्याच्यासाठी हौसेने क्रोशाचं कव्हर विणलं. पुढे फक्त दाराएवढी जागा उघडी. महिन्याभरात ओव्हन चालता चालता मध्येच बंद पडायला लागला आणि सगळं घर माझ्यावर उलटलं. "हिनेच स्टीलची वाटी ठेवली असणार!" मी ठेवली नव्हती. घरातल्या आल्तारापुढे, येशूच्या तसबिरीसमोर उभी राहून शपथ घेतली, तरी कुणाला पटेना.

शेवटी विरारहून तो रेडिओवाला आला. कानामागचा स्क्रूड्रायव्हर त्याने काढलासुद्धा नाही. कव्हर उचललं आणि तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा मागच्या जाळीवर तळहात ठेवला. ओव्हन निवेपर्यंत थांबला. मग म्हणाला, "काचेच्या गेलासात पानी दे, बाय." दोन मिनिटांत पाणी वाफाळलं.

तो सासूबाईंकडे वळला. "मावशी, मशीन चांगली हाय. तुमी हवेची जाळी झाकली, म्हनून तापून बंद पडते. हिला बोल लावायच्या आधी हे कापड उचलून बघायचं होतं."

माझी माफी? छे! तो फाटकाबाहेर पडतो न पडतो तोच सासूबाईंनी कव्हर झटकलं आणि पुन्हा ओव्हनवर चढवलं. "उघडा बरा नाही दिसत," म्हणाल्या. "आता तू जरा जपून वापर."