आईनं दाराबाहेर बसायचं

गोंदियाच्या त्या दवाखान्यात मुलांच्या वॉर्डामागं दोन खाटांची एक खोली होती. नागपूरच्या मोठ्या दवाखान्यातून सुटलेलं, पण लगेच घरी नेण्यासारखं नसलेलं मूल तिथं काही दिवस ठेवायचे. नाकातल्या नळीनं दूध कसं द्यायचं, गळ्यातल्या नळीतला कफ कसा ओढायचा, हे आयांना तिथं शिकवायचे. शिकून घरी गेलेल्या आईला पुढं कधी आजारपण आलं, तर मूल आठ-दहा दिवस त्याच खोलीत ठेवताही यायचं. अट एकच होती. घरचं एक माणूस सोबत राहिलं पाहिजे आणि त्या माणसाला सगळं एकट्यानं करता आलं पाहिजे. खोलीवरची नर्सबाई ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायची, मगच कागदावर सही करायची.

मला ती सही हवी होती आणि मनातून नकोही होती.

माझी लेक तेव्हा तीन वर्षांची होती. जन्मल्याबरोबर ती दीड महिना श्वासाच्या मशीनवर राहिली आणि त्यात तिची श्वासनळी आतून आकसली. डॉक्टरांनी गळ्याला छिद्र पाडून एक नळी बसवली. त्या नळीतूनच ती श्वास घ्यायची. नळी कफानं भरली की मशीनची बारीक नळी आत घालून तो ओढून काढायचा, दिवसातून किती वेळा याला मोजमाप नव्हतं. वीज गेली की पायानं दाबायचं मशीन होतं, आणि त्या वर्षांत आमच्या दवनीवाड्याला वीज यायची कमी, जायची जास्त. पण सगळ्यात अवघड होतं ते तिचं रडणं. हवा गळ्यातूनच बाहेर पडत असल्यानं तिला आवाज नव्हता. नुसतं तोंड वाकडं व्हायचं आणि डोळ्यांतून पाणी यायचं. जो तिच्याकडं बघत नाही त्याला ती रडते की हसते हे कळायला काही मार्गच नव्हता. म्हणून मी अडीच वर्षं तिच्याकडं बघत राहिले. अंगणवाडीची नोकरी सोडली. जेवण तिच्यासमोर, केस विंचरणं तिच्यासमोर.

नवऱ्यानं एकदा हिंमत करून मशीन हातात घेतलं होतं. नळी आत घालायचा धीर होईना, तेव्हा मीच मशीन काढून घेतलं. ते राईस मिलमध्ये पाळीवर जायचे आणि आल्यावर लेकीला खांद्यावर घेऊन अंगणात हिंडायचे, तेवढा त्यांचा वाटा. सासूबाईंना तर मी नळीजवळ फिरकूच दिलं नाही. जन्म शेतात गेलेल्या, शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईला हे जमणार नाही, असं मी त्यांना तोंडावर म्हटलेलं आहे. मी तशीच आहे. मला दुसऱ्यानं घासलेलं भांडंही पुन्हा घासावंसं वाटतं.

मग माझ्या पोटात दुखायला लागलं. पित्ताशयात खडे निघाले. ऑपरेशन करा म्हटलं की मी पुढच्या महिन्यावर ढकलायची. एका दुपारी लेकीचा कफ ओढत असताना कळ आली आणि मी खाटेजवळ दुमडून खाली बसले. वर लेकीचे ओठ काळेनिळे पडत होते. सासूबाई हातातलं सूप टाकून धावत आल्या आणि खाटेशी येऊन उभ्या राहिल्या. त्यांचे दोन्ही हात हवेत होते. काय धरायचं, कुठं धरायचं, त्यांना काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. मी गुडघ्यावर उठून कसंबसं काम पुरं केलं. त्या मला म्हणाल्या, "तू पडली असती तं मी का केलो असतो, सांग? पोरीले मरताना पाहत बसलो असतो का?"

मी दवाखान्यात गेले. ऑपरेशनची तारीख घेतली. सोमवार ठरला.

त्याआधी दहा दिवस आम्ही तिघी त्या खोलीत राहायला गेलो. नर्सबाई गोंदियाच्याच, निवृत्तीला आलेल्या, अर्ध्या हिंदीत बोलणाऱ्या. त्यांनी सासूबाईंना शिकवायला सुरुवात केली आणि मी शेजारी उभी राहून त्यांच्या चुका मोजायला. कफ ओढताना नळी दहा सेकंदांपेक्षा जास्त आत ठेवायची नाही, कारण तेवढा वेळ मुलाचा श्वास थांबलेला असतो. सासूबाईंना घड्याळ कळायचं नाही. त्यांनी त्यावर आपला उपाय काढला. बुद्धवंदनेतल्या त्रिसरणाच्या दोन ओळी मनात म्हणायच्या आणि नळी बाहेर काढायची. नर्सबाईंनी घड्याळ लावून पाहिलं तर दर वेळी सात-आठ सेकंद. त्या म्हणाल्या, "बहुत बढ़िया, आजी." मला ते आवडलं नाही हेही सांगून टाकते.

पण सासूबाई हळू होत्या. गळ्यातली नळी जागेवर राहावी म्हणून मानेभोवती सुती फीत बांधतात. फितीखाली एक बोट जाईल एवढीच सैल ठेवायची. ती बांधायला त्यांना इतका वेळ लागायचा की मी म्हणायची, "आई, आता सांज होते." त्या जीभ दातांत धरून पुन्हा गाठीकडं बघायच्या.

शनिवारी परीक्षा होती. सकाळपासून संध्याकाळपर्यंत आजी आत एकटी आणि आई दाराबाहेर. नर्सबाई मला म्हणाल्या, "देखो बाई, आज तुम्ही बाहेर बसायचं. चहा प्या, पाणी प्या, लेकिन दरवाजा नाही उघडायचा." लेकीला आंघोळ घालून, तयार करून मी बाहेर आले ती धुसफुसतच. व्हरांड्यात बाक होता आणि बाकासमोर जाळीची खिडकी. दहा वाजेपर्यंत मी चार वेळा आत घुसले. एकदा टॉवेल द्यायला, एकदा मशीनची वायर बघायला, बाकीच्या दोन वेळा कशाला ते मलाही सांगता यायचं नाही. चौथ्या वेळी नर्सबाईंनी मला दंडाला धरून बाहेर काढलं आणि सासूबाईंना आतून कडी लावायला सांगितली. मग त्यांना वॉर्डातून बोलावणं आलं, त्या गेल्या.

मी जाळीला नाक लावून उभी राहिले. सासूबाईंनी नळीखालचं गॉज बदललं, लेकीला मांडीवर घेऊन काही दाखवलं, पुन्हा खाटेवर ठेवलं. अकरा वाजले असतील. लेकीला खोकला आला. एकदा, दोनदा. तिसऱ्या खोकल्याला मानेजवळची फीत सरकली, आणि सगळी नळी बाहेर येऊन तिच्या छातीवर पडली.

मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. लेकीनं हात-पाय झाडायला सुरुवात केली. तोंड उघडं, आवाज नाही. मी दारावर थापा मारत होते, "कडी काढा आई, कडी काढा!" सासूबाईंनी दाराकडं पाहिलंसुद्धा नाही. खाट ते दार आठ-दहा पावलं, जायला तेवढी आणि यायला तेवढी. हे गणित मला आज कळतं. तेव्हा वाटलं, ही बाई माझी लेक मारून राहिली आणि मला आत येऊ देत नाही. मी पुन्हा खिडकीकडं पळाले.

"वरची पिशवी! उशाची पिशवी, आई! मान मागं करा!"

"चूप राय तू!" त्या म्हणाल्या. पंधरा वर्षांच्या संसारात त्या माझ्यावर पहिल्यांदा ओरडल्या.

त्यांनी टॉवेलची गुंडाळी लेकीच्या खांद्यांखाली सारली. उशाशी टांगलेल्या पिशवीतून दुसरी नळी काढली. घातली, ती अडली. जोर केला नाही, बाहेर काढली. लेकीचं झाडणं कमी व्हायला लागलं होतं, आणि ते झाडण्यापेक्षा भयंकर होतं. मी जाळी ओरबाडत होते. सासूबाईंचे ओठ हलत होते. त्यांनी नळीचं टोक जरा खाली वळवलं आणि पुन्हा घातली. ती गेली. नळी घालताना वाट दाखवायला आत असते ती सळई ओढून काढली आणि दोन बोटांनी नळी गळ्याशी धरून ठेवली. लेकीची छाती वर आली. एकदा, मग परत. मग तिला असा खोकला आला की कफ सासूबाईंच्या पदरावर उडाला. मला त्या कफाइतकं सुंदर काही दिसलेलं नाही.

एका हातानं नळी धरून, दुसऱ्यानं लेकीला कवेत घेऊन त्या दाराशी आल्या आणि कोपरानं कडी सरकवली. तोवर ओरडा ऐकून नर्सबाई धावत आल्या होत्या. त्यांनी नवी फीत बांधली, छाती तपासली, ओठ बघितले. मग खाटेवरची जुनी फीत उचलली. ती फाटली नव्हती, तुटली नव्हती.

"गाठ सुटली," त्या म्हणाल्या. "किसने बांधी थी?"

मी सासूबाईंकडं बोट केलं. म्हटलं, "मी आधीपासून सांगत होते, यांच्यानं होणार नाही. सोमवारचं रद्द करा. मी मेले तरी चालेल."

सासूबाईंनी माझ्याकडं पाहिलं. मग त्या पदरावरचा कफ पुसायला लागल्या. नर्सबाईंनी कागद मिटून खिशात घातला आणि सहीचं संध्याकाळी बघू म्हणून निघून गेल्या.

दुपारी लेक झोपली. सासूबाईंनी पेटीतली एक कोरी फीत काढली आणि खाटेच्या दांडीला गुंडाळून माझ्यासमोर धरली. "बांध," म्हणाल्या.

"कायले?"

"बांध म्हनतो ना."

मी रागानं बांधली. त्यांनी एक टोक ओढलं. सगळी फीत सुळकन त्यांच्या हातात आली. "अजून एक डाव." मी पुन्हा बांधली, त्यांनी पुन्हा ओढली, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी मी माझ्याच बोटांकडं बघत बसले, आणि मला ती गाठ ओळखू आली. रोवणीच्या दिवसांत धानाची रोपं उपटून त्यांच्या पेंढ्या बांधतात आणि चिखलात फेकतात. ती पेंढी रोवणाऱ्या बाईच्या हातात एका ओढीत मोकळी व्हावी लागते, म्हणून गाठ मारायचीच नसते. एक वेढा द्यायचा आणि टोक खाली खोचायचं. दहाव्या वर्षापासून लग्न होईपर्यंत मी बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, उभी राहून तेच केलं होतं. दिवसाला शेकडो पेंढ्या, न बघता.

सकाळची फीत मी बांधली होती. बाहेर काढलं म्हणून धुसफुसत, घाईघाईत.

"तुमी गॉज बदललं तवा..." मी तरी म्हटलंच.

"गॉज बदललं. फितीले हात नाई लावला. नर्सबाईनं सांगितलं होतं, फीत सोडाची तं दोन मानसं पायजे." त्यांनी फीत गुंडाळून पेटीत ठेवली. "माह्या बी हातात थेच हाये वो. साठ वर्साची सवय. म्हनून मी हळू बांधतो. हात पळून राहिला का त्याले थांबवतो."

"मंग तेव्हा काऊन नाई बोलल्या? नर्सबाईसमोर?"

"पोरीची माय हायेस तू," त्या म्हणाल्या, आणि लेकीच्या अंगावरची चादर नीट करायला लागल्या.

मी बाहेर येऊन त्या बाकावर बसले. गप्प राहिले तर सही होणार नव्हती, ऑपरेशन टळणार होतं, आणि एखाद्या दुपारी कळ येऊन मी पडले की लेकीजवळ कोणी नसणार होतं. बोलले तर माझं नाक कापलं जाणार होतं. यात विचार करण्यासारखं काय होतं? तरी मला चार वाजले. मी उठून वॉर्डात गेले आणि नर्सबाईंना सांगितलं की गाठ माझी होती.

त्या माझ्यावर पूर्ण वॉर्डासमोर ओरडल्या. "ढाई साल से यही गाठ बांध रही हो?" मी म्हटलं, नाही, रोज दुहेरीच बांधते, आजच झालं. पण खरं सांगायचं तर मला आठवत नव्हतं. आजही आठवत नाही. अडीच वर्षांत किती दिवस माझी लेक त्या खोचलेल्या टोकाच्या भरवशावर जगली असेल, हा विचार आला की मी अजून हातातलं काम टाकून उठते.

त्यांनी खिशातून कागद काढला. मुलाची काळजी घेणारी मुख्य व्यक्ती, या ओळीवर माझं नाव होतं. ते त्यांनी खोडलं आणि तिथं सासूबाईंचं लिहिलं. त्याखालच्या ओळीवर, जिथं मदतीला दुसरं कोण असं विचारलेलं असतं, तिथं माझं. मग सही केली. मला ते इतकं झोंबलं की मी आभार मानायलाही विसरले.

सोमवारी ऑपरेशन झालं. नवव्या दिवशी टाके सांभाळत, भिंत धरत मी त्या खोलीशी आले. लेक खाटेवर बसली होती. मला बघून हसली, मग तिचं तोंड वाकडं झालं, कफ दाटला होता. तिची नजर माझ्यावरून निघाली आणि खोलीत फिरत सासूबाईंवर जाऊन थांबली. मला हेवा वाटला. सख्ख्या लेकीच्या आजीचा हेवा. सासूबाई मशीनकडं वळल्या होत्या.

"आई," मी उंबऱ्यातून म्हटलं, "मी करू का?"

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "हात धू पयले," त्या म्हणाल्या.

मी हात धुवायला गेले.