वहीत नसलेलं चूर्ण

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, आणि ज्यांना सगळ्यात आधी सांगायला हवं होतं त्या थोरल्या भावोजींना तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे, कारण... कुठूनतरी सुरुवात करायला हवी. आणि आज मी ठरवलं आहे.

मला याद्या करायची सवय आहे. आमचं घर उत्तरेतल्या या तीर्थाच्या गावी, दूधविनायकाच्या गल्लीत. सासऱ्यांच्या वेळेपासून महाराष्ट्रातले यात्रेकरू आमच्याकडे उतरतात. कोण कधी येणार, कुणाचं श्राद्ध कुठल्या दिवशी, कुणाला कांदा-लसूण चालत नाही, हे सगळं माझ्याकडे लिहिलेलं असतं. त्यामुळे थोरल्या जाऊबाईंना, ताईंना, कॅन्सर निघाला आणि केमो सुरू झाली, तेव्हा त्यांच्या औषधपाण्याची वही माझ्याकडेच आली.

चांगली ठेवली मी ती. गोळ्यांच्या वेळा, ताप, किती उलट्या, किती घास. मळमळीवर आल्याचा तुकडा, तोंड आल्यावर मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, काहीच जाईना तर तांदळाची पेज — प्रत्येक घरगुती उपाय डॉक्टरांना विचारून मगच लिहायचा. ताई म्हणायच्या, "धाकटे, यम आला तर त्यालाही आधी वहीत सही करायला लावशील तू!" एकदा डॉक्टरांनी ती वही बाहेर बसलेल्या सगळ्यांना उचलून दाखवली. "देखिए, ऐसे लिखा जाता है." मला ते आवडलं. नको इतकं आवडलं.

आमच्याकडे उतरलेली माणसं निघताना काहीतरी ठेवून जातात. कुणी कुळथाचं पीठ, कुणी गूळ, कुणी गावचं औषध. पाहुण्यानं दिलेलं परत करायचं नाही, ही घरची रीत. तिसऱ्या केमोनंतर सांगलीकडच्या एका बाईंनी ताईंची दशा पाहिली आणि एक पुडी माझ्या हातात ठेवली. त्यांच्या वैद्याचं चूर्ण. त्यांच्या आईला म्हणे यानंच उतार पडला होता. आत काय आहे, हे मी विचारलं का? विचारलं. त्यांना माहीत नव्हतं. तरी दिलं का? दिलं. सकाळ-संध्याकाळ अर्धा चमचा, मधातून, अठरा दिवस.

वहीत ते लिहिलं नाही. डॉक्टर नको म्हणतील हे मला पक्कं ठाऊक होतं — म्हणजे नकळत झालं, असंही म्हणायची सोय नाही.

ताईंची मळमळ कमी झाली. चूर्णानं की आपोआप, कोण जाणे. एके दिवशी त्यांनी दोन फुलके खाल्ले, आणि तेवढं मात्र मी लिहिलं.

पुढच्या तपासणीत लिव्हरचे आकडे भलतेच वाढलेले निघाले. डॉक्टरांनी सरळ माझ्याकडे पाहून विचारलं, "घर में और कुछ दे रही हैं? काढ़ा, चूर्ण, जड़ी-बूटी?" मी म्हटलं, "नहीं." त्यांनी पुन्हा विचारलं. मी वही पुढे सरकवली. "सब इसी में है." शेजारी बसलेल्या ताईंनी माझ्याकडे पाहिलं, मग वर पंख्याकडे.

वहीवर डॉक्टरांचा विश्वास होता. म्हणून त्यांनी केमोतल्याच एका औषधावर संशय घेतला. उपचार तीन आठवडे थांबले, आणि ते औषध कायमचं बंद झालं. ताईंच्या फाईलवर लिहिलं गेलं, हे औषध सोसत नाही.

ऑटोत ताई एवढंच म्हणाल्या, "काय गं, वहीची पानं संपली होती का?"

घरी भावोजी ताईंवर खवळले. नक्की बाहेरचं काहीतरी खाल्लं असणार, बोल! मी समोरच लौकी, म्हणजे दुधी, चिरत बसले होते. एक वाक्य पुरलं असतं. ताईंनी माझ्याकडे पाहिलंही नाही. म्हणाल्या, "हो, खाल्ली कचोरी. एकच. गरम होती." त्यांच्या तोंडात तेव्हा पाणीसुद्धा झोंबत होतं — कुठली कचोरी? भावोजी त्यांच्याशी चार दिवस बोलले नाहीत. आणि मी? मी लौकी चिरून संपवली.

पुडी त्याच दिवशी टाकली. आकडे उतरले. तेव्हाही सांगता आलं असतं. निदान ते औषध पुन्हा द्यायचं का, याचा विचार तरी झाला असता. दर तपासणीला मी प्रश्नांची यादी घेऊन जायची. त्यात हे कधीच नसायचं.

दीड वर्षानं आजार परतला आणि ताई गेल्या. त्या औषधानं वाचल्या असत्या का? ठाऊक नाही. चूर्णानंच लिव्हर बिघडलं होतं का? तेही ठाऊक नाही. ते कळायची वाट मीच बुजवली. भीतीनं नाही — चारचौघांत झालेलं कौतुक मला परत द्यायचं नव्हतं.

भावोजी अजून ती गोष्ट सांगतात. कुणी ताईंचा विषय काढला की म्हणतात, "सगळं केलं हो आम्ही, पण तिला जिभेचा ताबा नव्हता." काल उतरलेल्या मंडळींनाही सांगून झालं. माझं नाव घेऊन म्हणाले, "हिनं मात्र लेकीसारखं केलं." त्या लोकांनी मला हात जोडले.

डॉक्टरांना द्यायचं पत्र लिहून झालं आहे. चूर्ण, मात्रा, दिवस, सगळं त्यात आहे. मंडळी आता खाली चहाला बसली आहेत. भावोजीही तिथेच आहेत. त्यांना बाजूला बोलावणार नाही. कचोरीची गोष्ट या सगळ्यांनी ऐकली आहे, तर ताईंनी कचोरी खाल्ली नव्हती हेही सगळ्यांनीच ऐकावं. मी खाली जाते.