पेन धुवायचं पाणी

आमच्या शहरात नळ आठ दिवसांनी येतो, किस्से मात्र रोज येतात. क्रांती चौकाजवळच्या एका हॉटेलात आम्ही लिहिणारे तिघं दर रविवारी चहाला बसतो: कुलकर्णी सर, जाधव आणि मी. तिथले किस्से साठवायला टाकी पुरायची नाही, एवढे झालेत. थोडे उपसतो.

सर रिटायर्ड मास्तर. शाईच्या पेनाशिवाय त्यांना एक ओळ सुचत नाही. लिहून झालं की निब सुटी करून तांब्याभर पाण्यात पेन धुवायचं, हा तीस वर्षांचा नेम. शहर वाढलं, पाइपलाइन तेवढीच राहिली, त्यात दुष्काळ पडला. सर तांब्या घेऊन निघाले, तर त्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या काकींनी, ड्रमवर झाकण ठेवलं आणि वर स्वतः बसल्या. म्हणाल्या, "टँकर परवा येणार आहे. तोवर तुमच्या नायकाला गप्प बसवा."

सरांनी त्याच आठवड्यात कॉम्प्युटर घेतला. आमच्यात तंत्रज्ञान आलं ते असं, पाणीटंचाईतून!

जाधवला पेन-पाणी काहीच लागत नाही. तो चितेगावला कंपनीत आहे, जाता-येता बसमध्ये मोबाईलवर कथा लिहितो. एकदा कथेचा शेवट आम्हाला पाठवायचा तो भावकीच्या ग्रुपवर गेला: "आज पहाटे बाबूराव गेले." नायकाला पठ्ठ्याने सख्ख्या चुलत्याचंच नाव दिलेलं. दुपारपर्यंत दौलताबादला चुलत्याच्या दारात दोन जीपभर माणसं. दार खुद्द बाबूरावांनी उघडलं. सगळा प्रकार ऐकून घेतला आणि म्हणाले, "आता आलाच हायत तर जेवून जा."

मी मधला. कागदावर लिहितो आणि हरवेल म्हणून मोबाईलवर त्याचा फोटो काढतो. मग कागद सापडतो, फोटो सापडत नाही.

सरांची कादंबरी मात्र कॉम्प्युटरवर पूर्ण झाली. पण छापायला जाईना. काकींनी वाचून बरं म्हटल्याशिवाय सर घरातून पानही बाहेर काढत नाहीत, आणि या वेळी काकींनी प्रिंटआउट बरं न म्हणताच दोन दिवसांत परत केली. सर पार खचले. फसली का, असं त्यांनी भीत भीत विचारलं.

"यात खोडलेलं कुठंय?" काकी म्हणाल्या.

सरांनी समजावलं, कॉम्प्युटरवर खोडलेलं उरत नाही, पुसलंच जातं.

"मग मी काय वाचू? छापलेलं सगळ्यांसाठीच असतं. तुम्ही खोडलेलं मी उजेडात धरून वाचायची. तेवढंच माझ्या एकटीचं होतं."

हे सांगताना सरांचा चहा गार झाला. आम्हीही त्या दिवशी चेष्टा केली नाही.

पुढच्या रविवारी सर आलेच नाहीत, म्हणून आम्ही दोघं घरी गेलो. सर प्रिंटआउट घेऊन बसले होते. ओळींच्या वर पेनानं आधीचे शब्द आठवून आठवून लिहीत होते आणि लगेच खोडत होते. अर्धी कादंबरी निळी झाली होती.

नळाला अजून पाच दिवस होते. टेबलावर तांब्याभर पाणी होतं, काकींनी भरून ठेवलेलं.