तुमच्या घरी कोणी गेलंय का?

कविता करणारी माणसं एकत्र बसली की कविता किती होतात ते सोडा, किस्से मात्र होतातच. हे किस्से घडताना हसू येत नाही. घडताना आपण सुन्न असतो. हसू येतं चार-पाच वर्षांनी, आणि तेही पुरतं येत नाही.

ऐंशीच्या दशकात मी दापोलीच्या एका वाचनालयात ग्रंथपाल होतो. महिन्यातून एकदा, शनिवारी दुपारी चारला, मासिकांच्या टेबलाभोवती आमचं कवी मंडळ जमायचं. रविवार चालायचा नाही. गावात नवे नवे टीव्ही आले होते आणि रविवारी संध्याकाळी सिनेमा असायचा. कवी झाला म्हणून काय झालं, सिनेमा कोण सोडतो!

अध्यक्ष आमचे आठल्ये सर, रिटायर्ड हेडमास्तर. त्यांचं एक ठाम मत होतं : ज्याचं काही गेलेलं नाही, त्याला कविता येत नाही.

*

बँकेत नवीन बदलून आलेला शिरीष एकदा कविता घेऊन आला. चोवीस वर्षांचा, इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. चंद्र, चांदणी, वारा, सगळं सामान होतं कवितेत.

सरांनी डोळे मिटून ऐकली आणि शांतपणे विचारलं, "तुमच्या घरी कोणी गेलंय का?"

"कुठे सर?"

"वारलंय का कोणी?"

शिरीष गडबडला. "नाही हो सर. सगळे आहेत. आजीसुद्धा."

"मग थांबा थोडे दिवस," सर म्हणाले. "घाई करू नका."

आम्ही हसलो. तेव्हा हसलो.

पुढचे दोन महिने शिरीष आला नाही. तिसऱ्या महिन्यात आला, तो दाढी वाढलेली, हातात कागद.

"सर, आजी गेली," तो म्हणाला. "सुतकात लिहिलीय. वाचू?"

सरांचा चेहरा पांढराफटक! त्यानं वाचली. चंद्र तोच, चांदणी तीच, वारा तोच. फक्त शेवटी आजी होती.

वाचून झाल्यावर त्यानं सरांकडे पाहिलं. "आता जमलीय का हो?"

टेबलाभोवती आम्ही सहा-सात जण. शेवटी सर उठले, त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "आजीबद्दल सांगा. कवितेचं राहू दे."

तो तासभर बोलत होता. त्यानंतर सरांनी तो प्रश्न कुणालाही, कधीही विचारला नाही.

*

खुद्द सरांच्या कविता आम्ही कधी ऐकल्या नव्हत्या. "योग्य वेळी काढीन," म्हणायचे. चाळीस वर्षांच्या कविता, सात वह्या, घरातल्या माळ्यावर ट्रंकेत ठेवलेल्या.

एके दिवशी त्यांनी मला घरी बोलावलं. योग्य वेळ आली होती! मी स्टुलावर चढून ट्रंक खाली घेतली. उचलताना ती फार हलकी लागली. झाकण उघडलं तर आत माती. वाळवी! पुठ्ठे तेवढे शाबूत, मधे भुगा. एका पानावर कसंबसं "हे" एवढं एकच अक्षर उरलं होतं.

सर खालीच बसले.

चहा घेऊन काकू आल्या. ट्रंकेत डोकावल्या. क्षणभर थांबून म्हणाल्या, "चला, चाळीस वर्षांत कोणीतरी शेवटपर्यंत वाचल्या म्हणायच्या!"

आता सर काय बोलतात! पण सर काकूंकडे बघत राहिले आणि एकदम हसायला लागले. हसता हसता डोळे पुसायला लागले. काकूही त्यांच्या शेजारी जमिनीवर बसल्या आणि मातीतून हात फिरवून एखादा तुकडा मिळतोय का ते शोधायला लागल्या. बराच वेळ शोधत होत्या.

पुढच्या बैठकीत सरांनी वाळवीवर कविता वाचली. मी ऐकलेली त्यांची ती पहिली कविता. पहिलीच, आणि काय कविता होती!

*

दाभोळचे गजाभाऊ पोस्टमन होते. चेष्टेच्या कविता लिहायचे. जावयाचं पहिलं केळवण, खाडी ओलांडताना तरीत चढलेला बोकड, असले विषय. दहा-दहा, बारा-बारा कडवी! आम्ही पोट धरून हसायचो.

त्यांची बायको आठ दिवसांच्या तापानं गेली. आम्हाला वाटलं, गजाभाऊ आता यायचे नाहीत.

महिन्याच्या आत आले! शोकसभेसारखं दोन मिनिटं उभं राहायचं आम्ही ठरवत होतो, तोवर त्यांनी खिशातून कागद काढला आणि वाचायला सुरुवात केली. मांजरानं पळवलेल्या सुरमईवर! चार ओळी. संपली.

हसावं की काय करावं कुणाला कळेना. आंजर्ल्याच्या सुलूताई, शाळेत शिक्षिका होत्या, त्या ताडकन उठल्या. "गजाभाऊ, महिना नाही झाला हो वहिनींना! काही वाटतं का?" आणि निघून गेल्या.

गजाभाऊंनी कागदाची घडी घातली. नंतर ओटीवर चपला घालताना मी त्यांना विचारलं, "भाऊ, बारा कडव्यांवरून एकदम चार ओळी?"

"काय करू?" ते म्हणाले. "लांब लिवली की तिसऱ्या कडव्यात ती येतेय. मग हसवायचं ऱ्हातंय. म्हणून ती यायच्या आधीच थांबतो."

मी हे सुलूताईंना सांगितलं. पुढच्या शनिवारी त्या दाभोळला जाऊन गजाभाऊंची माफी मागून आल्या.

गजाभाऊंनी पुढे चार ओळींच्या वर कधीच लिहिलं नाही. नवीन माणसं म्हणायची, "काय आटोपशीर लिहितात हो!"

*

आता सुलूताईंचं.

त्यांचे यजमान वसंतराव मालवाहू बोटीवर खलाशी होते. लग्नाला दोन वर्षं झाली असताना परदेशातल्या कुठल्याशा बंदरात उतरले, ते पुन्हा बोटीवर चढलेच नाहीत. पत्र नाही, निरोप नाही. सुलूताई कुंकू लावत होत्या, मंगळसूत्र घालत होत्या आणि नऊ वर्षं वसंतरावांना उद्देशून कविता लिहीत होत्या. आमच्या मंडळात खरी कवयित्री म्हणजे त्याच.

आम्ही त्यांचं पुस्तक काढायचं ठरवलं. छापखान्यात खिळे जुळले, प्रुफं आली. अर्पणपत्रिकेत एवढंच होतं : "जिथे असतील तिथे, वसंतरावांना."

आणि वसंतराव आले!

एका सकाळी आंजर्ल्याच्या स्टॉपवर एसटीतून उतरले आणि चालत घरी गेले. बातमी दुपारपर्यंत दापोलीत. आठल्ये सर वाचनालयात धावत आले. मला वाटलं, आनंदानं. ते धापा टाकत म्हणाले, "अहो, आता कविता कशी लिहिणार ती!" म्हणाले आणि स्वतःच तोंडावर हात ठेवून बसले.

पुढच्या बैठकीला सुलूताई आल्या. बरोबर वसंतराव. उंच, केस पिकलेले, कमी बोलणारे. कुठे होते, का गेले, काही सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही.

प्रुफं टेबलावर पडली होती. वसंतरावांनी ती ओढून घेतली आणि तिथंच बसून पहिल्या पानापासून वाचली. तासभर. वाचून झाल्यावर गठ्ठा नीट केला आणि म्हणाले, "ह्यातला माणूस फार चांगला आहे."

मी घसा खाकरून सुलूताईंना विचारलं, "मग... छापायचं ना?"

"छापा की. अर्पणपत्रिका तेवढी बदला."

"काय घालू?"

"कैलासवासी वसंत यांस."

माझ्या हातातलं पेन खाली पडलं! सर खुर्चीत ताठ झाले. मी वसंतरावांकडे पाहिलं. ते चहा पीत होते. कप खाली ठेवून म्हणाले, "आडनावही घाला. गावात वसंत तिघे आहेत. दुसऱ्याच्या घरी उगाच रडारड व्हायची."

तसंच छापलं. आडनावासकट.

प्रकाशनाला हॉल भरला होता. सरांनी पुस्तक हातात घेतलं, अर्पणपत्रिका वाचायची म्हणून चष्मा लावला. मग वाचलं, "कैलासवासी वसंत..."

पहिल्या रांगेतले वसंतराव उभे राहिले आणि मागे वळून सगळ्यांना नमस्कार केला.