जिपारगुलचा माल कुठला?

पाहुणा येणार म्हटलं की घर झाडायचं, हे जिपारगुलला तिच्या आईनं शिकवलं होतं, आणि आईला तिच्या आईनं. त्या गुरुवारी येणारा पाहुणा तर सरकारी होता. सकाळी सातपासून तिनं आपल्या शिवणकारखान्यातल्या अठरा बायकांना कंबर कसायला लावली. यंत्रं पुसली, खिडक्या धुतल्या, कोपऱ्यांतून दोऱ्यांचे गुंते ओढून काढले, फरशीवरून दोनदा ओलं फडकं फिरवलं. बेतायच्या लांब टेबलावर पांढरी चादर अंथरली, वर बोर्सोकचा, तळलेल्या फुगीर पिठाच्या गोळ्यांचा, डोंगर रचला, शेजारी रास्पबेरीचा मुरांबा मांडला. बिश्केकच्या उत्तर टोकाच्या त्या वस्तीत घरोघरच्या तळघरांत शिवणयंत्रं घरघरतात, पण इतका लख्ख कारखाना त्या दिवशी दुसरा नव्हता.

आणि तिथंच घात झाला.

तपासनीस एर्मेक सादिरोविच एकच्या ठोक्याला आला. चाळिशीचा, राखाडी सूट, बगलेत फाईल, हातात मोहोर लावलेलं जाड पाकीट. पायऱ्या उतरला आणि शेवटच्या पायरीवरच थबकला. खाली बघितलं, वर बघितलं, मग आपला बूट उचलून तळवा बघितला.

"एजे," थोरल्या बहिणीला हाक मारावी तसा तो म्हणाला, "इथं काम कधीपासून बंद आहे?"

"बंद? अहो, मंगळवारपर्यंत यंत्रांना श्वास घ्यायला फुरसत नव्हती!"

"अकरा वर्षं मी शिवणकारखाने बघतोय. चालत्या कारखान्यात माणूस शिरला की बुटाला दोरा चिकटतो. माझ्या बुटाला काही चिकटलं नाही."

जिपारगुलच्या हातातली किटली तशीच राहिली. मागं उभ्या असलेल्या बुरुलनं, जिची जीभ तिच्या यंत्राच्या सुईपेक्षा जलद चालायची, हळूच म्हटलं, "घ्या! मी सकाळीच म्हणत होते, थोडा कचरा राहू दे."

प्रकरण असं होतं. जिपारगुलचे सतराशे झगे घेऊन निघालेला ट्रक कझाकस्तानच्या नाक्यावर दुसऱ्या दिवशीही उभा होता. दोन वर्षांपूर्वी रशिया, कझाकस्तान आणि बेलारूस या तिघांनी मिळून एक जकातसंघ केला होता. आपला देश त्या संघात नव्हता, पण जुन्या कराराचा धागा अजून तुटला नव्हता: आपल्याकडे तयार झालेला माल बिनजकात पलीकडे जाई, आणि चीनचा माल आपल्या वाटेनं गेला तर त्यावर पुरी जकात पडे. जिपारगुलचं कापड चीनचंच होतं, सगळ्यांचंच असायचं. पण नियम सांगायचा, कापड कुठलंही असो, ते बेतलं कुठं आणि शिवलं कुठं, त्यावर झग्याचा देश ठरतो. त्यासाठी उत्पत्तीचा दाखला लागे. जिपारगुलनं तो घेतलाही होता. नाक्यावरच्या अधिकाऱ्यानं तो बाजूला ठेवला, एक झगा उलटासुलटा केला आणि कागदावर लिहिलं, 'शिवणीवर फुलाला फूल जुळतं. तळघरातल्या कारखान्यात एवढी सफाई शक्य नाही. मोठ्या चिनी कारखान्याचा तयार माल, वर इथल्या नावाची पट्टी शिवलेली.' आज पाच वाजेपर्यंत दाखल्याची खातरजमा फॅक्सनं आली नाही, तर माल चिनी ठरणार होता. आणि ज्या कारखान्याचा माल एकदा खोटा ठरला, त्याला पुन्हा दाखला मिळत नसे. म्हणजे अठरा यंत्रांवर कापड टाकून ठेवायचं, कायमचं.

आता ती सफाई कुठून आली, तेही सांगायला हवं. जिपारगुल बावीस वर्षं राजधानीच्या मोठ्या नाटकघराच्या कपडेपटात बेतणारी होती. खानाचे अंगरखे, परीचे घोळ, सैनिकांचे डगले, सगळं तिच्या कात्रीखालून गेलेलं. तिला शिकवलं क्लावदिया स्तेपानोव्ना नावाच्या म्हाताऱ्या बाईनं. ती टाचण्या ओठांत धरूनच बोलायची. "पहिल्या रांगेतल्या माणसाला शिवण दिसते," ती म्हणायची, "आणि तू पहिल्या रांगेसाठीच बेतायचं. शेवटच्या रांगेला काय, डगला उलटा घातला तरी टाळ्या." काय दिवस होते ते! पुढं मोठा देश फुटला, नाटकघराचा पगार थांबला, नट टॅक्सी चालवू लागले, आणि जिपारगुल एक जुनं यंत्र हातगाडीवर घालून घरी घेऊन आली. पण हाताची सवय तीच राहिली. बाजारात जाणारा झगा असला तरी कापडाचे साठ थर अंथरताना ती प्रत्येक थराचं फूल खालच्या फुलावर आणून बसवायची. बायका कुरकुरायच्या. बुरुल तर तोंडावर म्हणायची, "एजे, सायबेरियातल्या बाजारात कोण बघणारे तुमचं फूल? तिथं लोक डोळेच उघडतात थंडी कमी झाल्यावर!"

तीच सवय आज गळ्याशी आली होती.

"बसा तरी," जिपारगुल म्हणाली. "अन्नाला हात लावा, मग बोलू."

"काम झाल्याशिवाय नाही."

भरल्या टेबलावरचा घास नाकारणं म्हणजे घराचा अपमान, हे सांगायची गरज नव्हती. अठरा बायकांचे चेहरे उतरले.

"मग एक झगा तुमच्यासमोर बेतते, शिवते. चाळीस मिनिटं लागतील."

"मागच्या महिन्यात एका कारखान्यानं माझ्यासमोर शिवून दाखवला. छान शिवला. मी सही केली. नंतर कळलं, तीन यंत्रं दाखवायला ठेवलेली आणि बाकीचा माल गठ्ठ्यांनी चीनमधून आलेला. त्या सहीचं उत्तर मी अजून देतोय." त्यानं फाईल उघडली. "कापडाच्या पावत्या?"

"बाजारात पावती मागितली तर दुकानदार विचारतो, ताई, बरं वाटत नाही का?"

"कागदी नमुने?"

"हे काय, भिंतीवर टांगलेत."

"तयार झग्यावरून नमुना कोणीही काढेल." त्यानं लिहिलं. "या बायका?"

"विचारा त्यांना!"

"तुमच्याकडे काम करतात. तुमचंच बोलतील." तेही लिहिलं. मग त्यानं मोहोर फोडून पाकिटातून झगा काढला आणि टेबलावर पसरला. नाक्यावरून आलेला, हिरव्या जमिनीवर लालभडक खसखशीच्या फुलांचा. "एजे, सतराशे झगे बेतले की चिंध्यांचा डोंगर उरतो. तो दाखवा. मला दुसरं काही नको. कुठाय?"

चिंध्या फेकायच्या नाहीत आणि घरात साठवूनही ठेवायच्या नाहीत, हा आपला रिवाज. मोठं काम संपलं की त्या म्हाताऱ्यांना वाटून टाकायच्या; त्या तुकड्याला तुकडा जोडून गोधड्या शिवतात, आणि त्यांचं लांब आयुष्य त्या शिवणीतून घरात उतरतं. जिपारगुलनं मंगळवारी सगळ्या वाटल्या होत्या. उरलेला दोरान् दोरा आज सकाळी स्वतःच्या हातानं झाडून बंबात घातला होता.

"वाटल्या," ती म्हणाली.

"कोणाला?"

"गल्लीभर. बायकांनी उशांत भरल्या असतील." आणि मग ती एकदम थांबली. "बऱ्याचशा तोक्तोबुबू आपांना. भिंतीपलीकडे राहतात. त्यांनी माझ्या मुलीची गोधडी त्यातूनच पुरी केली. परवा लग्न आहे तिचं."

एर्मेकनं घड्याळ बघितलं. दोन वाजून दहा मिनिटं. "चला."

तोक्तोबुबू आपा अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, पाठीतून वाकलेल्या, नजरेतून मात्र ताठ. वधूच्या अंथरुणांची चळत त्यांच्याच खोलीत भिंतीला लावून रचलेली होती, आणि सर्वात वर ती गोधडी. लाल-हिरव्या त्रिकोणांनी नुसती पेटल्यासारखी.

एर्मेकनं त्रिकोणांवरून बोट फिरवलं आणि मान हलवली. "कापड तेच आहे. पण त्रिकोण म्हणजे काय? हे कापड बाजारातून हातभर आणूनही कापता येतं. यावरून काही ठरत नाही."

"मी कापलं?" आपा उसळल्या. "आयुष्यात मी चिंधीला दुसऱ्यांदा कात्री लावली नाही! एकदा कापलेलं पुन्हा कापलं की बरकत जाते. मी दुमडते. गळ्याची चंद्रकोर जशी आली तशी आत दुमडून त्रिकोण करते."

जिपारगुलनं एर्मेकच्या हातातला झगा घेऊन गोधडीशेजारी धरला. गळ्याच्या बरोबर मधोमध अर्धं फूल होतं, खालचं अर्धं. वरचं अर्धं चंद्रकोरीबरोबर गेलेलं.

"म्हणजे वरचं अर्धं फूल यात आहे," ती म्हणाली. "शाबूत."

"कशावरून याच झग्याचं?"

"प्रत्येक झग्याचं! मी साठही थरांत फूल फुलावर बसवते. कोणतीही चंद्रकोर काढा, ती कोणत्याही झग्याला लागायला पाहिजे. नाही लागली तर माल चीनचा, मी स्वतः लिहून देते."

"तर मग उसवून बघावं लागेल. मी दाखवेन तिथं. तीन ठिकाणी."

"खबरदार!" आपांनी गोधडीवर हात ठेवला. "परवा लग्न आणि आज शिवण उसवायची? वधूच्या गोधडीची शिवण उसवली की संसार उसवतो. साहेब, तुमच्या कागदासाठी मी पोरीचा संसार देणार नाही."

एर्मेक मागं सरला. "आपा, माझ्याही आईनं मला गोधडी शिवून दिलीये," तो हलकेच म्हणाला. "मी सक्ती करत नाही. पण मला पुरावा लागेल."

जिपारगुल आपांच्या हातांकडे बघत राहिली. एका बाजूला अठरा घरं, दुसऱ्या बाजूला एकुलती लेक. ती म्हणाली, "नको. राहू दे."

"काय राहू दे?" दारातून आवाज आला. कानिशाय, तिची मुलगी, तिथं केव्हापासून उभी होती कोण जाणे. सरळ आत आली, आपांच्या टोपलीतली छोटी कात्री उचलली. "आपा, संसार शिवणीवर टिकत असते ना, तर आपल्या गल्लीतून एकही नवरा पळाला नसता. उसवलेलं तुम्ही परत शिवाल. पण आईचा कारखाना गेला तर तो कोण शिवून देणार? दाखवा साहेब, कुठं उसवू?"

आपांनी डोळे मिटले, पण हात उचलला.

एर्मेकनं एका कोपऱ्यावर बोट ठेवलं. कानिशायनं आपांचा बारीक धावदोरा एकेक टाका सोडवत काढला. त्रिकोण उलगडला, आत दुमडलेली कड बाहेर आली: गोल, काखेसारखी वळलेली. चंद्रकोर नव्हे, बाहीचा मुंढा.

"हा गळा नाही," एर्मेक म्हणाला.

"दुसरा," जिपारगुल म्हणाली.

दुसरा त्रिकोण मधला. इथं दोरा दुहेरी होता, सुटायला वेळ लागला. तीन वाजून गेले. शेवटी कापड उलगडलं. चंद्रकोर, आणि तिच्या पोटात लाल अर्धं फूल. एर्मेकनं स्वतः ती घेतली, झग्याच्या गळ्यावर ठेवली, बोटानं हळूहळू खाली सरकवली. पाकळीला पाकळी लागली. काळा गाभा काळ्या गाभ्यात बसला. देठ, मधली पातळ गळपट्टी सोडून, थेट खाली उतरला.

बुरुल दाराशी सगळ्यांच्या मागं टाचा उंचावून बघत होती.

"तिसरा," एर्मेक म्हणाला. तिसरी चंद्रकोरही बसली, केसाचा फरक नाही.

त्यानं गुडघे टेकून दोन्ही तुकडे पुन्हा जवळून बघितले. मग उठला, आणि उठताना त्याच्या गुडघ्याला लाल दोऱ्याचा एक तुकडा चिकटला होता. त्यानं तो झटकला नाही.

"माल इथंच बेतलेला. पण नाक्यावरच्या माणसानंही एक बरोबर लिहिलंय," तो म्हणाला. "तळघरात अशी सफाई नसते. एजे, तुम्ही कुठं शिकलात?"

"नाटकघरात. पहिल्या रांगेसाठी," जिपारगुल म्हणाली, आणि तिला तेवढ्यात रडू फुटलं.

सही झाली. पण फाईलला पुरावा जोडायला हवा होता, म्हणून चंद्रकोर एर्मेकला न्यायची होती. आपांनी लगेच वाट अडवली.

"तुकडा नेतोस तर तुकडा देऊन जा. माझ्या गोधडीला भोक ठेवून मी वधू पाठवणार नाही. आणि कसलाही नको, अंगावरचा दे. तुझं आयुष्य लागू दे पोरीला."

"आपा, मी सरकारी माणूस. देणंघेणं..."

"अरे, घेणं लाच असतं. तू तर देतोयस!"

एर्मेक सादिरोविचनं सुटाच्या खिशातून रुमाल काढला. करड्या चौकड्यांचा, नीट इस्तरी केलेला. "बायकोनं घडी घातलीय," तो ओशाळून म्हणाला. मग जाता जाता तळघरात डोकावला, डोंगरातून एक बोर्सोक उचलला, उभ्याउभ्याच खाल्ला, आणि दुसरा खिशात टाकून फॅक्सकडे धावला.

पाच वाजायला वीस मिनिटं असताना नाक्यावरून ट्रकवाल्याचा फोन आला: ट्रक सुटला. बायकांनी जी आरोळी ठोकली, ती ऐकून शेजारच्या तळघरातली यंत्रंही थांबली.

तीन वर्षांनी आपणही त्या संघात गेलो. त्या नाक्यावर आता तो दाखला कोणी मागत नाही. दुसरे कागद मागतात, कागदांना काय तोटा! जिपारगुल अजून बेतते, अजून फूल फुलावर बसवते. चिंध्याही वाटते, रिवाज तो रिवाज, पण दर कामाचं एक गाठोडं तारीख लिहून मागं ठेवते. तपासणीचा माणूस येणार असला की बोर्सोक तळते, मुरांबा मांडते, आणि बुरुलनं झाडू हातात घेतला की ओरडते, "ठेव तो! पाहुण्याच्या बुटाला काय चिकटेल मग?"

कानिशायच्या घरी ती गोधडी आहे. दोन पोरं तिच्यावर लोळून वाढली. लाल फुलांच्या गर्दीत करडी चौकडी कुठं आहे, ते थोरली डोळे मिटून बोटानं दाखवते.